भातकुलीहून सरळ उत्तरेला

मार्गशीर्षातली एखादी सकाळ डोळ्यांपुढे आणा. भातकुली परिसरातल्या एखाद्या गावतळ्याच्या काठाने तुम्ही शाळेकडे निघालेले आहात. एका बाजूला पऱ्हाटीची वेचणी चालू आहे, दुसऱ्या बाजूला हरभरा फुलावर आलेला आहे. दिवाळीनंतर तळ्याचे पाणी हळूहळू उतरत गेले आणि काठाला चार-पाच हात रुंदीचा ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडला. त्या चिखलावर चिमणीएवढे दहा-बारा पक्षी लगबगीने धावत आहेत. वरून राखी-तपकिरी, खालून पांढरे, पाय काळे, चोच सरळ आणि काळी. ही चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी सारखी खालीवर होत असते. जरा पुढे पाऊल टाकले की सगळा थवा एकदम उडतो, पाण्यावर एक फेरी मारतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन कामाला लागतो.

या पक्ष्याचे नाव छोटा टिलवा. त्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे मूठभर हरभऱ्यापेक्षाही कमी. पावसाळा सरता सरता तो येतो आणि उन्हे तापू लागली की दिसेनासा होतो. तो जातो कोठे? त्याचे गाव कोणते? आणि इतक्या दूर जाण्याची यातायात तो का करतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला पृथ्वीच्या अगदी उत्तर टोकावरील एका देशाची, म्हणजे रशियाच्या सैबेरियाची ओळख करून घ्यावी लागेल. त्यासाठी फक्त एक नकाशासंग्रह आणि एक फूटपट्टी जवळ घ्या.

नकाशावरची एक रेघ

भातकुली साधारणपणे २१ अंश उत्तर अक्षांश आणि साडेसत्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. या बिंदूवर पेन्सिल टेका आणि आशियाच्या नकाशावर सरळ उत्तरेकडे रेघ ओढत चला. सातपुडा ओलांडला की भोपाळ रेघेच्या अगदी जवळ येते, पुढे दिल्ली थोडी डावीकडे राहते. मग हिमालय लागतो आणि लडाखमधील लेह जवळजवळ नेमके रेघेवर सापडते. काराकोरमच्या बर्फाच्छादित रांगा ओलांडून रेघ ताक्लामाकान वाळवंटाच्या पश्चिम कडेवरून जाते. पुढे तिएन शान पर्वत, त्यात वसलेले इसिक-कुल सरोवर, मग कझाकस्तानचे लांबोळके बाल्खाश सरोवर आणि त्यापुढे गवताळ मैदाने. त्यानंतर रेघ सैबेरियात शिरते, ओब नदी ओलांडते, आर्क्टिक वृत्त मागे टाकते आणि ग्यिदान नावाच्या द्वीपकल्पावरून जाऊन कारा समुद्रात बुडते.

या द्वीपकल्पावर ग्यिदा नावाचे एक लहानसे गाव आहे. ते सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशावर, आपल्या रेघेच्या किंचित पूर्वेला आहे. म्हणजे भातकुली आणि ग्यिदा यांच्यात बरोबर ५० अंशांचे अंतर पडले. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा ५० × १११ = ५,५५० किलोमीटर. दिल्ली आपल्याला दूर वाटते, पण ती या रेघेवर आठ अंशांवरही नाही.

छोटा टिलवा नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत, म्हणजे अशा ग्यिदासारख्या प्रदेशात घरटे करतो. आपल्या तळ्यावरचे टिलवे नेमके ग्यिदाचेच असतील असे नाही. शिवाय पक्षी काही फूटपट्टीने ओढलेल्या रेघेवरून उडत नाहीत. वाऱ्याचा, पर्वतांच्या खिंडींचा, वाटेतल्या पाणथळ जागांचा विचार करून ते वळणावळणाने जातात. परंतु त्यांचा देश समजून घ्यायला ही रेघ फार उपयोगी आहे.

एक गाडी, अनेक स्टेशने

बडनेऱ्याला गाडीत बसलेले सगळे उतारू एकाच स्टेशनावर उतरत नाहीत. कोणी अकोल्याला, कोणी भुसावळला, तर कोणी थेट मुंबईला. वऱ्हाडातून फेब्रुवारी ते मे या काळात उत्तरेकडे निघणाऱ्या पक्ष्यांचेही तसेच आहे.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस लवकर उतरतो. लडाख, तिबेट आणि मंगोलिया येथील उंच पठारांवरील सरोवरांच्या काठी त्याची घरटी असतात. ज्वारीच्या दिवसांत शेतावर ढगासारख्या उतरणाऱ्या भोरड्या आणि पिकांवरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी हे त्यापुढच्या स्टेशनाचे उतारू आहेत. कझाकस्तान आणि दक्षिण रशियातील गवताळ मैदानांत ते प्रजनन करतात. या मैदानांना स्टेप म्हणतात. तेथे पाऊस इतका कमी की झाड वाढू शकत नाही, पण गवत वाढते. जेथे गवत तेथे नाकतोडे आणि टोळ. भोरडी व भोवत्या यांना तेच हवे असतात.

स्टेपच्या उत्तरेला तैगा सुरू होतो. तैगा म्हणजे सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य. पाइन, स्प्रूस, फर, लार्च आणि त्यांच्या जोडीला पांढऱ्या सालीचा बर्च. स्प्रूस आणि फर यांचा आकार देवळाच्या शिखरासारखा निमुळता असतो, त्यामुळे बर्फ फांद्यांवर साचून न राहता घसरून पडतो. पाने सुईसारखी व मेणचट असतात, म्हणून हिवाळ्यात मुळांना पाणी मिळत नसताना पानांतून फारसे बाष्प बाहेर जात नाही. लार्च मात्र आपल्या सागासारखा पाने झाडून मोकळा होतो. साग उन्हाळ्याच्या कोरडेपणापासून बचाव करतो, लार्च हिवाळ्याच्या. कारण दोघांचे एकच, पाण्याचा तुटवडा. या अरण्यात तपकिरी अस्वल, मूस नावाचे प्रचंड हरिण, मऊ लोकरीसाठी प्रसिद्ध असलेला सेबल आणि असंख्य खारी राहतात.

पण तैगा म्हणजे सलग झाडीच असे समजू नका. आपल्या रेघेवर, ओब आणि इर्तिश या नद्यांच्या मधोमध, वास्युगान नावाची दलदल पसरलेली आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर. आपल्या अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १२,२०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे असे चार जिल्हे तिच्यात सहज मावतील. आपल्या नाल्याकाठी हिवाळ्यात शेपटी हलवीत फिरणारी ठिपकेवाली तुतारी तैगातल्या अशाच दलदलींत घरटे करते. कधी कधी ती झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यातही अंडी घालते.

येथील ओब नदीची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वसंतात तिच्या वरच्या, म्हणजे दक्षिणेकडील भागातले बर्फ आधी वितळते. पण मुखाकडचा भाग अजून गोठलेलाच असतो. पुढची वाट बंद आणि मागून पाण्याचा लोंढा, अशा अवस्थेत पाणी दोन्ही तीरांवर मैलोन्‌मैल पसरते. आपली पेढी पावसाने फुगते. ओबला पूर येतो तो पाऊस नसतानाही, केवळ तिच्या दिशेमुळे.

तैगाच्याही उत्तरेला झाडे खुजी होत होत संपतात. ज्या प्रदेशात वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसपेक्षा कमी असते तेथे सहसा वृक्ष वाढत नाहीत. या वृक्षहीन प्रदेशाला टुंड्रा म्हणतात. छोटा टिलवा हा या शेवटच्या स्टेशनाचा उतारू आहे.

एकच सूर्य, दोन गावे

भातकुली आणि ग्यिदा जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्यामुळे दोन्हीकडे सूर्य जवळजवळ एकाच क्षणी माथ्यावर येतो. आपल्या घड्याळात दुपारचे साधारण १२ वाजून २० मिनिटे झाली की दोन्ही गावांत खरी माध्यान्ह झालेली असते. परंतु सूर्य किती उंच दिसतो, यात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चला, गणित करू.

माध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढण्याची रीत सोपी आहे. ९० मधून आपला अक्षांश वजा करा. त्यात २१ जूनला साडेतेवीस मिळवा आणि २२ डिसेंबरला साडेतेवीस वजा करा.

२२ डिसेंबर, भातकुली : ९० – २१ – २३.५ = ४५.५ अंश.
२२ डिसेंबर, ग्यिदा : ९० – ७१ – २३.५ = –४.५ अंश.

उत्तर ऋण आले. म्हणजे त्या दिवशी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या साडेचार अंश खाली असतो. दक्षिणेला थोडा वेळ तांबूस उजेड फाकतो आणि विरून जातो.

आता २१ जून घ्या. भातकुलीला उत्तर ९२.५ येते, म्हणजे सूर्य माथ्यावरून अडीच अंश उत्तरेकडे झुकलेला असतो. ग्यिदाला ९० – ७१ + २३.५ = ४२.५ अंश. हा आकडा नीट पाहा. आपल्या डिसेंबरातील दुपारचा सूर्य ४५.५ अंशांवर आणि ग्यिदाचा जूनमधील दुपारचा सूर्य ४२.५ अंशांवर! टिलवा हिवाळ्यात आपल्याकडे आणि उन्हाळ्यात तिकडे राहून जवळजवळ सारख्याच उंचीचा सूर्य अनुभवतो.

फरक आहे तो दिवसाच्या लांबीत. आपल्या डिसेंबरातील दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. ग्यिदाला जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य क्षितिजावर साडेचार अंश असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ध्रुवप्रदेशातील दीर्घ उषःकालाची चर्चा केली होती. आर्यांचे मूळ स्थान तेथे होते हा त्यांचा सिद्धान्त आज विद्वान स्वीकारत नाहीत. पण ध्रुवाजवळची पहाट अनेक दिवस टिकते, ही गोष्ट मात्र भूगोलाने सिद्ध केलेली आहे.

काळी जमीन आणि गोठलेली जमीन

टुंड्रात वर्षभरात पडणारा पाऊस व बर्फ यांचे पाणी मोजले तर ते वऱ्हाडातील पावसाच्या निम्म्याच्या आसपास भरते. तरीही उन्हाळ्यात टुंड्रा डबक्यांनी भरलेला असतो. असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या पायाखालच्या जमिनीशी ताडून पाहा. आपल्या काळ्या कसदार मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते, मातीतली छिद्रे बंद होतात आणि मग आषाढ-श्रावणात पाणी शेतात उभे राहते. टुंड्रातही पाणी मुरत नाही, पण कारण वेगळे आहे. तेथील जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. उत्तर सैबेरियात काही ठिकाणी हे गोठण दीड किलोमीटर खोलीपर्यंत गेलेले आढळले आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर, कोठे वीतभर तर कोठे मीटरभर, वितळतो. खालची गोठलेली जमीन सिमेंटच्या तळासारखी काम करते आणि पाणी वरच साचते.

साम्य येथेच संपत नाही. चैत्र-वैशाखात आपल्या रानात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. त्या भेगा एकमेकींना मिळून जमिनीवर पाच-सहा बाजूंच्या आकृत्या बनतात. टुंड्रावरून विमानाने गेल्यास अगदी तशाच आकृत्या खाली दिसतात, फक्त प्रत्येक आकृती १० ते ३० मीटर रुंद असते. काळी माती वाळल्यामुळे आकसते आणि फाटते, टुंड्राची जमीन कडाक्याच्या थंडीने आकसते आणि फाटते. वसंतात त्या फटीत वितळलेले पाणी शिरते आणि खालच्या थंडीने गोठते. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा तेथेच फाटते, पुन्हा पाणी शिरते. अशी शेकडो वर्षे गेली की फटीत बर्फाची जाड पाचर तयार होते. पाचरीच्या दाबाने कडा धुऱ्यासारख्या वर उचलल्या जातात आणि मधल्या खोलगट भागात पाणी साठून तळे होते. अशा लक्षावधी तळ्यांच्या काठी ओला चिखल असतो. आपल्या गावतळ्याचा काठ टिलव्याला का आवडतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

सहा आठवड्यांचा संसार

जूनमध्ये टुंड्रावरचे बर्फ वितळते. शेवाळे, दगडफूल आणि बोटभर उंचीची विलोची झुडपे वर डोकावतात. त्या डबक्यांतून डास आणि डासांसारखे बारीक कीटक इतक्या संख्येने बाहेर पडतात की रेनडिअरचे कळप त्यांच्यापासून पळ काढून वाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहतात. यामाल आणि ग्यिदान द्वीपकल्पांवर राहणारे नेनेत्स लोक हे रेनडिअर पाळतात आणि त्यांच्या मागोमाग आपले तंबू हलवीत फिरतात.

माणसाला नकोसा झालेला हा डासांचा सुकाळ म्हणजेच टिलव्याच्या प्रवासाचे कारण होय. मादी गवतातल्या छोट्याशा खळग्यात चार अंडी घालते. पुष्कळदा ती दोनदा अंडी घालते. मग एका घरट्यावर नर बसतो आणि दुसऱ्यावर ती स्वतः. सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर पडतात. चिमणीच्या पिलांसारखी ती चोच उघडून बसत नाहीत. अंग वाळले की काही तासांतच ती धावू लागतात आणि स्वतः कीटक टिपतात. अहोरात्र उजेड असल्याने खाण्याला वेळेची मर्यादा नसते. आणखी दोन-अडीच आठवड्यांत ती उडू लागतात. इतका भरपूर आहार, इतका लांब दिवस आणि इतकी मोकळी जागा आपल्याकडील उन्हाळ्यात कोठून मिळणार?

या संसारावर आणखी एका प्राण्याची सावली असते. तो म्हणजे लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी. लेमिंगांची संख्या साधारण तीन-चार वर्षांनी अफाट वाढते आणि मग एकदम कोसळते. ध्रुवीय कोल्हा आणि हिमघुबड यांचे ते मुख्य भक्ष्य. लेमिंग पुष्कळ असतील त्या वर्षी कोल्ह्याचे पोट त्यांच्यावरच भरते. लेमिंग घटले की कोल्हा चिखलपक्ष्यांच्या अंड्या-पिलांकडे वळतो. तैमिर द्वीपकल्पावर घरटी करणाऱ्या काही चिखलपक्ष्यांच्या व हंसांच्या बाबतीत हा संबंध शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिला आहे. लेमिंगांचे दुर्भिक्ष असलेल्या उन्हाळ्यानंतर दूरदेशीच्या किनाऱ्यांवर त्यांची तरुण पिढी फारच थोडी दिसली.

परतीची वाट

जुलैत प्रौढ टिलवे परतू लागतात. पिले मात्र काही आठवडे मागे थांबतात आणि नंतर आपली आपणच निघतात. बरोबर आई नाही, बाप नाही, वाट पूर्वी पाहिलेली नाही. तरी ती आशिया ओलांडून दक्षिणेला येतात. दिशेचे ज्ञान त्यांना जन्मतःच असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा पक्षी होकायंत्रासारखा उपयोग करतात, असे अनेक प्रयोगांवरून दिसून आले आहे.

इंधनाचे काय? ते चरबीच्या रूपाने साठवतात. एक ग्रॅम चरबीपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४. म्हणजे चरबी हे हलके आणि जोरदार इंधन होय. निघण्यापूर्वी टिलवा खाऊन खाऊन आपले वजन दीडपटीपर्यंत वाढवितो. ताशी ६० किलोमीटर वेग धरला तर ५,५५० किलोमीटरांना सुमारे ९२ तास सतत उडावे लागेल. एका दमात हे होत नाही. म्हणून वाटेत सरोवरे, नद्यांचे काठ, खाजणे अशा ठिकाणी थांबत, खात, पुन्हा चरबी साठवीत तो येतो. या मार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव आहे.

हे सारे आपल्याला कसे समजले? १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घालण्यास आरंभ केला. राजस्थानातील भरतपूरला कडी घातलेले काही पक्षी पुढे सैबेरियात सापडले. आता काही ग्रॅम वजनाची प्रेषक यंत्रे मोठ्या पक्ष्यांच्या पाठीवर बसवून उपग्रहांमार्फत त्यांचा माग काढतात. पण पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जड ओझे त्याच्यावर लादू नये, असा संकेत आहे. टिलव्याच्या बाबतीत याचे उत्तर किती येते, ते तुम्हीच काढून पाहा.

साखळीची एक कडी

ओब नदीच्या खालच्या खोऱ्यात पूर्वी पांढरे शुभ्र सैबेरियन क्रौंच घरटी करीत आणि हिवाळ्यात भरतपूरला येत. १९६० च्या दशकाच्या मध्याला तेथे दोनशेच्या आसपास क्रौंच मोजले गेले होते. भरतपूर सुरक्षित होते, त्यांच्या घरट्यांची दलदलही फारशी कोणी बिघडविली नव्हती. पण वाटेत शिकार होत राहिली, विसाव्याच्या जागा आटत गेल्या. २००१-०२ च्या हिवाळ्यात भरतपूरला फक्त एक जोडी आली. त्यानंतर एकही नाही. प्रवासी पक्ष्याला तीन घरे लागतात : एक जन्माचे, एक हिवाळ्याचे आणि एक वाटेवरचे. तिन्हींपैकी एक मोडले तरी उरलेली दोन त्याला वाचवू शकत नाहीत.

छोटा टिलवा आज संख्येने पुष्कळ आहे, पण त्याच्याही घरांत बदल होत आहेत. १९७९ पासूनच्या नोंदी सांगतात की आर्क्टिक प्रदेश सबंध पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. बर्फ लवकर वितळले की कीटक लवकर बाहेर पडतात आणि पिले अंड्यांतून येईपर्यंत त्यांचा भर ओसरलेला असतो. तैमिरवर जन्मणाऱ्या नॉट नावाच्या, टिलव्याच्याच कुळातील पक्ष्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षांतील पिले आकाराने लहान आणि आखूड चोचीची निपजली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचल्यावर त्या आखूड चोचींना वाळूत खोल असलेले शिंपले मिळेनात, आणि अशी पिले कमी जगली. बर्फ वितळले सैबेरियात, उपासमार झाली आफ्रिकेत!

शिवाय ती कायम गोठलेली जमीनही वितळू लागली आहे. तिच्यात हजारो वर्षांचा न कुजलेला पाचोळा गाडलेला आहे. उत्तरेकडील गोठलेल्या जमिनींत साठलेला कार्बन वातावरणातील कार्बनच्या जवळजवळ दुप्पट आहे. तो बाहेर पडला तर त्याचे परिणाम सैबेरियापुरते राहणार नाहीत. आपल्या पावसाचाही त्याच्याशी संबंध आहे. म्हणूनच नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताने २००८ साली ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केले. रशियानेही तैमिरवर १९९३ साली ४१,००० चौरस किलोमीटरांहून मोठे संरक्षित क्षेत्र घोषित केले आहे.

आणि आपल्याकडचे घर? पूर्णेच्या खोऱ्यातील आपला खारपाण पट्टा तुम्हाला ठाऊकच आहे. विहिरीचे पाणी खारे, म्हणून पावसाचे पाणी साठविण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नाही. तळी खोल करणे, शेततळी खोदणे ही कामे आवश्यकच आहेत. पण टिलव्याची चोच जेमतेम दोन सेंटिमीटर लांब असते. उभ्या काठाच्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात पाणी कितीही असले तरी त्याला तेथे उभे राहायला जागा नाही आणि टिपायला किडा नाही. तळे खोल करताना एक बाजू तिरकस, मातीची, उतरती ठेवली तर पाणी उतरेल तसतसा दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो. गुरांना पाण्यावर उतरायलाही त्याच बाजूचा उपयोग होतो. यासाठी जास्तीचा खर्च फारसा येत नाही, फक्त खोदण्यापूर्वी कोणीतरी आठवण करून द्यावी लागते.

तुम्ही काय कराल?

तुमच्या वर्गाने एक तळे निवडावे. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी आणि ठरावीक वेळी, दोघातिघांनी तेथे जाऊन चार गोष्टी वहीत लिहाव्यात : तारीख, पाण्याच्या काठापासून एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर, चिखलाच्या पट्ट्याची रुंदी आणि दिसलेल्या पक्ष्यांची संख्या. नाव ओळखता आले नाही तर चोच, पाय आणि शेपटी यांचे चित्र काढावे. पक्ष्यांना दगड मारून उडवू नये. त्यांचे एक उड्डाण म्हणजे त्यांच्या साठ्यातली चरबी खर्च करणे होय. पहिला टिलवा कोणत्या तारखेला आला आणि शेवटचा कोणत्या तारखेला दिसला, या दोन तारखा लाल शाईने लिहाव्यात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होत असते. आपली वही नीट ठेवलेली असेल तर शिक्षकांच्या मदतीने तीत भाग घेणे तुम्हाला कठीण जाणार नाही.

अशी वही पाच वर्षे चालली तर पाण्याची रेषा, चिखलाची रुंदी आणि पक्ष्यांची संख्या यांचा आलेख काढता येईल. आणि एखाद्या वर्षी तळे भरलेले, चिखल भरपूर, तरी टिलवे थोडेच दिसले तर घाईने निष्कर्ष काढू नका. नकाशासंग्रह पुन्हा उघडा, ती रेघ पुन्हा वरपर्यंत न्या आणि विचार करा : यंदा तिकडे बर्फ केव्हा वितळले असेल? लेमिंग किती होते? वाटेतली सरोवरे भरलेली होती की आटलेली? त्यातला कोणता प्रश्न तुमच्या वहीवरून सोडविता येतो आणि कोणता येत नाही, हे ओळखणे हाच तुमच्या अभ्यासाचा पुढचा धडा आहे.